गरोदरपणात रक्तातलं कॅल्शियम वाढलं तेव्हा: माझा अनुभव

तपासणीत माझं कॅल्शियम 11.2 मिग्रॅ/डेसिलिटर आलं. गरोदरपणात हा आकडा आहे त्याहून कमी दिसतो, कारण रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरलेलं असतं. ते 4 ग्रॅम/डेसिलिटरपेक्षा जितकं कमी, त्याच्या 0.8 पट कॅल्शियमच्या आकड्यात मिळवतात. माझं अल्ब्युमिन 3, म्हणजे खरं कॅल्शियम 12. आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम तपासलं तर हा हिशोबच करावा लागत नाही. रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळलेला राहिला तरी आकडा फुगतो, म्हणून नमुना पुन्हा मागितला तर जरूर द्या.

मग पीटीएच तपासलं, म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं संप्रेरक. कॅल्शियम इतकं असताना हे संप्रेरक दबलेलं हवं. माझं वाढलेलं होतं, म्हणजे दोष पॅराथायरॉइडचा. बहुतेकदा चारपैकी एकाच ग्रंथीत साधी गाठ असते. पीटीएच दबलेलं निघालं तर इतर कारणं शोधतात. त्यातलं एक म्हणजे डी जीवनसत्त्वाचा अतिरेक, आठवड्याला एक घ्यायची 60,000 युनिटची पुडी रोज घेतली जाणं. गाठ शोधायला गळ्याची सोनोग्राफी करतात. सेस्टामिबी हा या ग्रंथींचा स्कॅन किरणोत्सर्गामुळे टाळतात.

मळमळ, बद्धकोष्ठ, तहान, सारखी लघवी ही गरोदरपणाचीच लक्षणं वाटतात, तिथेच हा आजार निसटतो. उलट्या थांबत नसतील तर कॅल्शियम तपासायला सांगाच.

डॉक्टरांनी माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या थांबवल्या. ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांतही कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्याही गेल्या. दूध-दही मात्र बंद केलं नाही. आहारातलं कॅल्शियम फार तोडलं तर पीटीएच आणखी चढतं. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, ते पोटात टिकेना तेव्हा सलाइन. कॅल्शियम उतरवणारी बिस्फॉस्फोनेट औषधं वारेतून बाळापर्यंत जातात, म्हणून ती नाहीत.

सौम्य वाढ पाण्यावर आणि देखरेखीवर निभावते. माझ्या आकड्याला शस्त्रक्रियाच सुचवली, तीही दुसऱ्या तिमाहीत: पहिलीत बाळाचे अवयव घडत असतात, तिसरीत अकाली प्रसूतीची भीती. गाठ निघाल्यावर कॅल्शियम झपाट्याने उतरू शकतं. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. मला कॅल्शियमच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

शस्त्रक्रिया झाली नसेल तर बाळंतपणानंतर जास्त जपावं लागतं. वार कॅल्शियम ओढायची थांबते आणि आईचं एकदम चढू शकतं. बाळाचं उलट: आईकडून भरपूर मिळत असल्याने त्याच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दबलेल्या असतात, नाळ तुटल्यावर त्याचं कॅल्शियम घसरतं आणि झटके येऊ शकतात, कधी घरी गेल्यावरही. बालरोगतज्ज्ञांना हे प्रसूतीआधीच कळवा, आणि बाळाचं कॅल्शियम पुन्हा कधी तपासायचं ते घरी जाण्याआधी लिहून घ्या.