आबा आणि आमचा उकिरडा

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं तेव्हा मी सातवीत होते. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. पहाटे आई पाटी घेऊन निघायची, मागोमाग आजी खराटा घेऊन. चावडीपुढचा उकिरडा, माझ्या जन्माआधीपासूनचा, चार दिवसांत हलला!

तेव्हा ग्रामविकासमंत्री होते अंजनीचे आर. आर. पाटील, आमचे आबा. आधी जिल्हा परिषद, १९९० पासून सलग ६ वेळा आमदार, २००४ ला उपमुख्यमंत्री, गृहखातंही त्यांच्याकडंच. डान्सबारबंदी जास्त गाजली. मला मात्र ते खराटेच मोठे वाटतात, कारण सरकारी पैशाची वाट न बघता आमची माणसं स्वतः वाकली.

१६ फेब्रुवारी २०१५ ला आबा गेले. त्या रात्री आजी जेवली नाही.