बेतलेले चांदणे

सिंगापूर विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की तिथे वर्षभर साधारण सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार न रेंगाळता अंधार पडतो. मंडाई भागातील ३५ हेक्टरांवरची, १९९४ साली सुरू झालेली ‘नाइट सफारी’ ही खास रात्रीसाठी उभारलेली जगातली पहिली प्राणिबाग या वक्तशीर अंधारावरच चालते. दिवसा प्राणिबागेत गेल्यावर बिबट्या झोपलेला दिसला की आपण हिरमुसतो. वास्तविक त्याच्या ऐन झोपेच्या वेळी तिकीट काढून आपणच गेलेलो असतो.

मला मात्र तिथे प्राण्यांआधी उजेडाचे कौतुक वाटले. रंगभूमीसाठी प्रकाशयोजना करणाऱ्या सायमन कॉर्डर यांनी तो बेतला आहे. दिवे उंचावर, सहजी नजरेस न पडणारे, प्रकाश चांदण्यासारखा फिकट, आणि गजांऐवजी खंदक, ओढे व झुडपे असल्यामुळे मधली हद्द अंधारात दिसतच नाही. ट्रॅम एका वळणावर मंदावली तेव्हा रस्त्याच्या कडेला मलायी टॅपिर चरत होता. हा प्राणी पुढून काळा आणि मागून पांढरा; त्या उजेडात काळा भाग अंधारात विरून गेला आणि वाळत घातलेल्या धोतरासारखी नुसती पांढरी पाठ पुढे सरकताना दिसली. मग आखूड सोंडेसारखे नाक वर आले, त्याने एक डहाळी ओढली, आणि तेव्हा कुठे त्या पाठीला डोके असल्याची खात्री पटली.

पुढे आशियाई सिंह, अस्वल, गेंडा अशी बरीचशी आपल्याकडचीच मंडळी भेटली. पट्टेदार तरस दिसताच मागच्या बाकावरून अस्सल मराठी आवाज आला, “अगं, हे तर आपल्या माळावरचं तरस!” त्यावर, “हळू बोला हो, इतके पैसे भरून आलोय,” असे काकूंनी त्यांना दटावले. गावाकडे तरस दिसले की लोक काठ्या घेऊन धावतात. इथे त्याच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फ्लॅश वापरायलाही मनाई आहे.

ट्रॅमची साधारण ४० मिनिटांची फेरी संपली की अनेक जण थेट खाण्याकडे वळतात, आणि तिथेच फसतात. खरी मजा पायवाटांवर आहे. पाण्याकाठी दबा धरून बसलेले, मासे पकडणारे मांजर आधी दगडच वाटते. शंका आली तर चार पावले मागे जाऊन पुन्हा पाहता येते. ट्रॅम काही कुणासाठी मागे येत नाही.