लंडनमधला रणगाडा (कॅनडातलं लंडन हो!)

आज ऑन्टारियोतल्या लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात 'होली रोलर' निवांत पाहिला. फर्स्ट हुसार्स या इथल्याच राखीव रेजिमेंटचा शर्मन रणगाडा. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरला, तो युद्ध संपेपर्यंत चालता राहिला. २०२२ मध्ये डागडुजी होऊन परत आलाय, रंग अजून छान आहे. पोरं मात्र पट्ट्यांच्या कड्यांवर पाय देऊन वर चढू पाहत होती.

रेजिमेंटची सुरुवात १८५६ च्या घोडदळापासून. मला जास्त नवल वाटतं ते त्यांच्या तरंगत्या रणगाड्यांचं. तीस टनांच्या धुडाभोवती कॅनव्हासचा पडदा उभा करायचा, मागे बोटीसारखे पंखे (प्रॉपेलर) लावायचे आणि थेट खवळलेल्या समुद्रात सोडायचं! काही बुडाले. त्यातला 'बोल्ड' पुढे समुद्रातून काढला, तो आज फ्रान्समध्ये कूर्सेलला उभा आहे.

नॉर्मंडीत उतरल्यावर पाचच दिवसांनी, ११ जूनला, तिथल्याच ल मेनिल-पात्री गावावर रेजिमेंटला घाईघाईत हल्ला चढवायला लावला आणि तिची 'बी' स्क्वाड्रन (रणगाड्यांची तुकडी) जवळजवळ संपलीच. पुरेशी टेहळणीही नव्हती. वरिष्ठांच्या उतावीळपणाची किंमत पोरांनी मोजली, असं माझं स्पष्ट मत.

रेजिमेंट अजून आहे. नोकरी, कॉलेज सांभाळून सराव करतात.