हनोईत दाजींसोबत: बी-५२ चं तळं आणि खाम थिएन रस्ता

हनोईला जाणारी बहुतेक मराठी मंडळी हालाँग बे करतात, अंड्याची कॉफी पितात आणि परततात. आमचे दाजी हवाई दलात विमानं पाडणाऱ्या पेचोरा क्षेपणास्त्रांवर नोकरी करून निवृत्त झालेले, त्यामुळे आमचा एक दिवस आधीच ठरलेला होता. ताईने साफ सांगितलं, "तुम्ही दोघं जा, मी रेशीम बघते."

बी-५२ म्हणजे अमेरिकेचं अवजड बाँबफेकी विमान; व्हिएतनाम युद्धात, १९७२ च्या डिसेंबरात, या विमानांनी हनोईवर बाँब टाकले. सुरुवात दोई कान रस्त्यावरच्या बी-५२ विजय संग्रहालयापासून करा. तिकीट नाही, पण दुपारी जेवणाच्या सुट्टीत फाटक बंद होतं आणि आठवड्यातले काही दिवसही बंद असतं. आदल्या दिवशी हॉटेलवाल्याला फोन करायला लावा. आम्ही तो आळस केला आणि दोन तास फुटपाथवर प्लास्टिकच्या ठेंगण्या स्टुलांवर काढले.

आत शिरल्यावर दाजी थेट सॅम-२ या विमानविरोधी क्षेपणास्त्रापाशी. "हा आमच्या पेचोराचा थोरला भाऊ." साडेदहा मीटर लांब, वजन दोन टनांच्या वर, सोव्हिएत बनावट. बी-५२ मधून जॅमिंग (रडार आंधळं करणाऱ्या लहरींचा मारा) सुरू झालं की रडारच्या पडद्यावर नुसता पांढरा गोंधळ. त्या गोंधळाच्याच पट्ट्यावरून दिशा धरायची आणि अंतर नक्की माहीत नसताना क्षेपणास्त्र सोडायचं. रडार जास्त वेळ चालू ठेवलं तर त्याच्याच लहरींचा माग काढत अमेरिकी श्राइक क्षेपणास्त्र खाली येणार. "चालू कधी करायचं आणि बंद कधी, हीच सगळी नोकरी," दाजी म्हणाले. १८ ते २९ डिसेंबर १९७२ या दिवसांत (नाताळची एक सुट्टी सोडून) किती बी-५२ पडली? व्हिएतनाम म्हणतो ३४, अमेरिका म्हणते १५. दाजींनी यावर मत द्यायचं टाळलं.

तिथून हू तिएप तळ्यापर्यंत चालतच जा. गल्लीबोळ आहेत, नकाशा गोंधळतो. "बी-५२" म्हटलं की कोणीही बोट दाखवतं. तळं कसलं, आपल्याकडच्या गावतळ्यापेक्षाही लहान. चारी बाजूंनी घरं, हिरवं पाणी आणि मधोमध २७ डिसेंबरच्या रात्री पडलेल्या विमानाचा गंजलेला सांगाडा, चाकांसकट. समोरच्या गॅलरीत कोणाचे तरी शाळेचे गणवेश वाळत होते. विमान पाडलं की ते कुठेतरी पडणारच, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग टॅक्सीने खाम थिएन. हा भाग चुकवू नका आणि संग्रहालयाच्या आधी करू नका. आधी यंत्राचं कौतुक होऊ द्या. २६ डिसेंबरच्या रात्री या रस्त्यावर बाँबचा पट्टा पडला, २८० च्या आसपास माणसं गेली. ५१ नंबरचं घर होतं तिथे आता मेलेलं मूल हातांवर घेतलेल्या बाईचा पुतळा आहे. रेल्वे स्टेशन इथून जवळच. तीन बी-५२ एकत्र बाँब टाकतात तेव्हा साधारण एक किलोमीटर रुंद आणि तीन किलोमीटर लांब जमीन उखडते. तो पट्टा शहरात टाकायचा आणि नंतर नेम चुकला म्हणायचं, हे मला पटत नाही.

दाजींचं म्हणणं वेगळं. "तोफा आणि रडार वस्तीला लागून ठेवणाऱ्यांची काहीच जबाबदारी नाही का रे?" आहे. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणीत दोन्ही गोष्टी आहेत: लष्करी ठाणी दाट वस्तीत ठेवायचं शक्य तितकं टाळा; आणि समोरच्याने ते पाळलं नाही म्हणून तुमची सुटका नाही, नागरिकांची काळजी तरीही घ्यायचीच. हे पाच वर्षं उशिरा आलं. अमेरिकेने त्याला आजतागायत मान्यता दिलेली नाही, आणि आपणही नाही. हे ऐकून दाजी जरा वेळ गप्प होते.

त्याच १९७२ च्या डिसेंबरात, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यांचे माजी सरकारी वकील टेलफोर्ड टेलर एका अमेरिकी शिष्टमंडळासोबत हनोईत होते. न्यूरेंबर्गला शहरांवरच्या बाँबफेकीचा खटला चाललाच नाही, कारण दोन्ही बाजूंनी तेच केलं होतं. तोच माणूस इथे बाँबफेकीत सापडलेल्या बाख माई रुग्णालयाची पडझड बघत होता. त्या शिष्टमंडळातल्या गायिका जोन बाएझ बाँबफेकीत मेट्रोपोल हॉटेलच्या बंकरमध्ये बसल्या होत्या. तो बंकर २०११ मध्ये पुन्हा सापडला. बघायचा असेल तर हॉटेलात आधी विचारा.

लष्करी इतिहास संग्रहालय २०२४ च्या नोव्हेंबरपासून शहराच्या पश्चिमेला नव्या इमारतीत गेलंय. जुनी प्रवासाची पुस्तकं झेंड्याच्या बुरुजापाशी, म्हणजे जुन्या जागी, पाठवतात, तिकडे जाऊ नका. टॅक्सी बोलवायचं ग्रॅब ॲप आधीच उतरवून ठेवा. ई-व्हिसाचे २५ डॉलर. डिसेंबरात स्वेटर लागतो. शाकाहाऱ्यांनी 'चाय' ही पाटी शोधावी. तिथे चहा मिळेलच असं नाही, त्याचा अर्थच शाकाहारी. आम्ही दोनदा फसलो.

खाम थिएनला उदबत्ती लावायची असेल तर पुड्या जवळच्या दुकानांत मिळतात. डिसेंबरअखेर गेलात तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या. त्या दिवसांत तिथे अख्ख्या रस्त्याचं श्राद्ध एकदम असतं.