‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ गिटारवर : सातव्या महिन्याची नोंद

इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकच्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ या पहिल्या स्टुडिओ अल्बममधील दहा गाणी गिटारवर बसवण्याचा जो उद्योग मी सात महिन्यांपूर्वी आरंभला, त्यात आजवर चार गाणी हातात बसली आहेत आणि एक गाणे यादीतून वगळावे लागले आहे. वगळलेले गाणे ‘वे टू ब्लू’. त्यात गिटार मुळी नाहीच. रॉबर्ट कर्बीने बांधलेल्या तंतुवाद्यांच्या साथीवर केवळ आवाज आहे. इतकी वर्षे अल्बम ऐकूनही ही गोष्ट वाजवायला बसेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती, याची थोडी लाज वाटली.

या महिन्याचा बहुतेक वेळ ‘रिव्हर मॅन’ने खाल्ला. ही रचना पाच मात्रांची आहे. लहानपणी तबल्याच्या क्लासात झपताल हातावर मोजलेला असल्यामुळे मी त्याच्या पहिल्या पाच मात्रा धरून, म्हणजे दोन आणि तीन अशी विभागणी करून, सराव सुरू केला. मोजणी चुकत नव्हती, तरीही वाजवणे साफ चुकीचे वाटत होते. स्वतःचे वाजवणे ध्वनिमुद्रित करून ऐकल्यावर कारण कळले : माझा अंगठा प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर समेसारखा जोर देत होता. मूळ ध्वनिमुद्रणात ढोलही नाही आणि असा जोरही नाही. गिटार एकसारखी वाहत राहते आणि आवाज त्यावर तरंगत, कुठेही घाई न करता येतो. आता मी मेट्रोनोम बंद ठेवून, तोंडाने काहीही न मोजता, केवळ उजव्या हाताची बोटे एका वजनाने पडतात का एवढेच पाहतो. गातागाता वाजवणे अजून दोन कडव्यांपलीकडे टिकत नाही.

या गाण्याची तंतुवाद्य-साथ मात्र कर्बीची नव्हे. ड्रेकचा केंब्रिजमधला हा मित्र तेव्हा विद्यार्थीच होता. निर्माता जो बॉइड याने आधी नेमलेल्या व्यावसायिक संयोजकाचे काम ड्रेकला पटले नाही म्हणून त्याने कर्बीचे नाव पुढे केले. ‘रिव्हर मॅन’ला हात घालायला मात्र कर्बी धजावला नाही आणि ते काम चित्रपटसंगीत करणाऱ्या हॅरी रॉबिन्सनकडे गेले. लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, ध्वनिमुद्रक जॉन वूडच्या देखरेखीखाली, ड्रेकने ते वादकांच्या सोबतीने एकत्रच वाजवले व गायले. विशीतला मुलगा एवढ्या वादकांच्या मध्ये बसून ती पाच मात्रांची चाल ढळू देत नाही, हे आता मला पूर्वीपेक्षा फार मोठे वाटते.

जुलै 1969 मध्ये आयलंड या ध्वनिमुद्रिका कंपनीने हा अल्बम काढला तेव्हा त्याच्या मलपृष्ठावर गाण्यांचा क्रम चुकलेला होता आणि ध्वनिमुद्रणात न गायलेली कडवीही छापली गेली होती. विक्री पाच हजार प्रतींच्याही आत राहिली. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या समीक्षकाची तक्रार अशी होती की यात पुरेशी विविधता नाही. सात महिन्यांपूर्वी मी या मतावर हसलो असतो. आज ते मला चुकीचे वाटते, पण ते कुठून आले हे समजते : आवाजाची पट्टी आणि ओघ जवळजवळ सारखा राहतो, आणि जे बदलते ते सारे बोटांखाली बदलते. ‘थ्री अवर्स’मधून ‘डे इज डन’कडे जाताना माझ्या डाव्या हाताला अगदी नव्याने शिकावे लागले; पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते कळावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

अल्बम खपला नाही कारण श्रोते बहिरे होते, हे आम्हा ड्रेकच्या चाहत्यांत नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण मला म्हणूनच अपुरे वाटते. त्या काळी अशा गायकाची खरी जाहिरात म्हणजे मंचावरचे कार्यक्रम, आणि ड्रेक गाण्यागणिक तारा वेगळ्या स्वरांना लावीत असे. दोन गाण्यांच्या मधली ती लांबलचक शांतता भरून काढण्यासाठी तो श्रोत्यांशी बोलतही नसे. सप्टेंबर 1969 मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या कार्यक्रमात त्याला शांतपणे ऐकून घेणारे लोक मिळाले. क्लबांतल्या गोंगाटात तसे मिळाले नाहीत. मी घरी चार जणांपुढे दोन गाणी वाजवली तेव्हा मधल्या ट्युनिंगला चार मिनिटे लागली आणि तेवढ्यात चहाचा विषय निघाला.

अल्बमच्या नावात मृत्यूची चाहूल शोधणाऱ्यांसाठी एक आठवण : ‘पाच पाने उरली’ अशा अर्थाचे ते शब्द सिगारेट वळण्याच्या रिझला कागदांच्या पाकिटात, पाने संपत आली की दिसणाऱ्या सूचनेतले आहेत. ड्रेक 1974 मध्ये, सव्विसाव्या वर्षी गेला, ही पुढची गोष्ट. तसेच मुंबईशी त्याचा संबंध काय, असे मागच्या नोंदीवर विचारले गेले होते. त्याचा जन्म 1948 चा, रंगूनचा. वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते. संगीतात या संबंधाचा माग शोधण्याची गरज मला वाटत नाही.

पुढील महिन्यात ‘चेलो साँग’ घेणार आहे. शेजारच्या चेलो शिकणाऱ्या मुलीने साथीला यायचे कबूल केले आहे. तोवर उजव्या अंगठ्याचे तुटलेले नख वाढले म्हणजे झाले.