जुन्या गोव्याची चर्चे : बाहेर जांभा, आत सोने

जुन्या गोव्यातील चर्चे मी याआधी दोनदा पाहिली होती; परंतु दोन्ही वेळा सहलीच्या बसमधून उतरून, चाळीस मिनिटांत दर्शन, फोटो आणि शहाळे आटोपून परतलो होतो. या जानेवारीत मात्र राजापूरजवळ चिरेखाण (जांभ्याचे चिरे, म्हणजे ठोकळे काढण्याची खाण) असलेला माझा मावसभाऊ, दादा, बरोबर होता आणि आम्ही पूर्ण दिवस हातात ठेवला होता. देव्हाऱ्यापेक्षा भिंतींकडे अधिक पाहणारा सोबती असला की इमारत वेगळी दिसते. युरोपातील बरोक, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुमारास बहरलेल्या भपकेबाज, वळणदार शैलीतील चर्चे दगडातच लाटा, वळसे आणि देवदूत उभे करतात. गोव्यात ते का घडले नाही, याचे उत्तर दादाने पहिल्याच भिंतीला तळहात लावून दिले. ‘‘चिऱ्यात नाकडोळे उतरत नाहीत,’’ तो म्हणाला. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण अंगभर भोकांचाच राहतो. त्यातून जाड भिंत आणि रुंद कमान निघते, बारीक नक्षी निघत नाही. त्यामुळे येथील सारी हौस लाकडात, वर्खात आणि बाहेरून आणलेल्या दगडात उतरली.

आम्ही रेल्वेने करमळीला उतरलो. तेथून जुने गोवे अगदी जवळ आहे. पणजीत मुक्काम असल्यास कदंब बसस्थानकावरून सतत बस मिळतात आणि अंतर जेमतेम दहा किलोमीटर आहे. पाहण्याचा क्रम नकाशावरून ठरवण्यापेक्षा उन्हावरून ठरवावा. से कॅथेड्रलचे दर्शनी तोंड पूर्वेकडे आहे, म्हणून ते सकाळी पाहावे. बॉम जीझसचे पश्चिमेकडे आहे, म्हणून ते दुपारनंतर. बहुतेक लोक याच्या उलट करतात आणि काळवंडलेले फोटो घेऊन घरी जातात. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत, मिस्सा (चर्चमधील सामूहिक उपासना) चालू असताना आत फिरू नये, आणि एक छोटी दुर्बीण अवश्य न्यावी. या चर्चमध्ये सर्वांत चांगले काम नजरेच्या बरेच वर असते.

से कॅथेड्रलचे काम 1562 मध्ये सुरू झाले आणि मुख्य इमारत 1619 मध्ये पुरी झाली. सुमारे 76 मीटर लांबीची ही वास्तू चुन्याने पांढरीशुभ्र आहे. दोन मनोऱ्यांपैकी एक 1776 मध्ये पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. आत मोठी पोकळी, साध्या भिंती आणि अगदी टोकाला सोनेरी मुख्य वेदी, जिच्यावर संत कॅथरीनच्या चरित्रातील प्रसंग कोरले आहेत. मला हे चर्च भव्य वाटले, पण मन तेथे फार रमले नाही.

शेजारच्या संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये मात्र आम्ही ठरवल्यापेक्षा तासभर जास्त थांबलो. आजची इमारत 1661 ची आहे, परंतु तिचे दार त्याआधीच्या, सोळाव्या शतकातील चर्चचे आहे. पांढऱ्या भिंतीत बसवलेली ती काळ्या दगडाची चौकट दुसऱ्याच घरातून आणून लावल्यासारखी दिसते, आणि एका अर्थाने गोष्टही तशीच आहे. आत गर्भागाराच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संत फ्रान्सिसचे जीवन रंगवले आहे, तर जमीन जवळजवळ सगळी थडग्यांच्या दगडांनी मढवली आहे. त्या दगडांवर घराण्यांची चिन्हे आणि अक्षरे कोरलेली असून ती पावलांनी झिजली आहेत. खाली पाहत हळू चालावे. लगतच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असते. आम्ही नेमके शुक्रवारीच गेलो होतो, तेव्हा चूक आमचीच.

दुपारी संत कॅजेतानचे चर्च पाहिले. थिएटिन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी सतराव्या शतकाच्या मध्यावर ते बांधले आणि रोममधील सेंट पीटर्सचा घुमट त्यांच्या डोळ्यांपुढे होता. घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत झाकलेली विहीर आहे. येथे गर्दी फारच कमी असते, म्हणून लाकडावरचे सोनेकाम निवांतपणे पाहायचे असेल तर ते येथेच पाहावे. कोरलेल्या लाकडावर आधी पांढरा लेप, त्यावर तांबूस मातीचा हात आणि मग वर्ख, अशी या कामाची रीत असते. वर्ख उडाला की खालचा थर डोकावू लागतो. बाजूच्या दाराने प्रकाश तिरपा येत होता तेव्हा देवदूतांचे गाल आणि पानांच्या कडा वेगवेगळ्या उजळल्या, आणि एवढे सोने कशासाठी, हा प्रश्न सुटला. विजेच्या झोतात हीच वेदी पितळेसारखी सपाट दिसते.

चारच्या सुमारास बॉम जीझसला पोहोचलो. हे काम 1594 मध्ये सुरू होऊन 1605 मध्ये चर्चचा अभिषेक झाला. काटेकोर बोलायचे तर याचे दर्शनी तोंड अजून पुरते बरोक नाही. डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि संमिश्र अशा स्तंभशैली तेथे मजल्यांप्रमाणे शिस्तीत चढत जातात. भिंती जांभ्याच्या, पण कोरीव भाग काळ्या बेसाल्टचे, आणि तो बेसाल्ट वसईहून आणलेला. तीच वसई 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली आणि तिच्या चर्चमधील घंटा आपल्या देवळांत टांगल्या गेल्या. दगड मात्र त्याच्या कितीतरी आधी समुद्रमार्गे येथे येऊन बसला होता.

आज सर्वांच्या मनात ठसलेला बॉम जीझसचा लालसर, उघडा जांभा हे त्याचे मूळ रूप नव्हे. त्यावर चुन्याचा गिलावा होता आणि तो 1950 च्या सुमारास जीर्णोद्धाराच्या नावाखाली काढण्यात आला. नैर्ऋत्येचा पाऊस याच पश्चिम तोंडावर आदळतो. दादाने कोपऱ्यातील एका चिऱ्याकडे बोट दाखवले. त्याची भोके एकमेकांत मिसळून खळगे झाले होते आणि खाली जमिनीवर तांबडी भुकटी पडली होती. चांगला कडक चिरा असेल तर कोकणातही गिलाव्याशिवाय घर उभे राहते, पण असा मऊ दगड तो गिऱ्हाइकाला विकणार नाही, असे त्याने गंभीरपणे सांगितले. गिलावा परत चढवावा या मताचा मी आहे, फोटो कितीही फिके आले तरी.

आत शिरल्यावर सगळी कसर भरून निघते. मुख्य वेदीत बाल येशूच्या छोट्या मूर्तीवर जेझुइट पंथाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची प्रचंड मूर्ती, तिची नजर वरच्या तेजोवलयाकडे, आणि दोन बाजूंच्या वेद्यांना पिळदार खांब. संत फ्रान्सिस झेवियरची समाधी उजव्या अंगाला आहे. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने ती भेट दिली. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बत्तीस्ता फोज्जीनीने घडवली आणि ती 1698 मध्ये येथे उभी राहिली. खाली रंगीत संगमरवर आणि जास्पर हा शोभेचा दगड, मध्ये ब्राँझची उठावचित्रे, आणि सर्वांत वर चांदीची पेटी. ही पेटी मात्र त्याआधीची, 1636-37 मधील, गोव्याच्या सोनारांच्या हातची. भाविकांची रांग पुढे ढकलत असल्यामुळे खाली थांबता येत नाही. थोडे मागे सरकून दुर्बिणीतून पेटीवरचे प्रसंग एकेक करून पाहावेत. 3 डिसेंबरच्या फेस्ताच्या (संत झेवियरच्या सणाच्या) आणि त्याआधीच्या नऊ दिवसांत हे जमणार नाही, म्हणून केवळ वास्तू पाहायची असेल तर ते दिवस टाळावेत.

उन्हे उतरताना समोरचा चढ चढून संत ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी गेलो. चढ छोटा आहे, पण सावली नाही. पाणी खालूनच घ्यावे. 1835 मध्ये हे चर्च ओस पडले, 1842 मध्ये छताची कमान कोसळली, 1931 मध्ये दर्शनी भागाचा मोठा हिस्सा गेला, आणि आता सुमारे 46 मीटर उंचीचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. गिलावा नाही, लाकूड नाही, सोने नाही. दादा एका तुटक्या भिंतीपाशी बसला, दोन चिऱ्यांमधील चुन्याच्या सांध्यावर नख ओढून पाहिले आणि म्हणाला, ‘‘दगड झिजलाय, चुना अजून घट्ट आहे.’’ रखवालदाराने शिट्टी वाजवेपर्यंत आम्ही तेथेच बसून होतो.