वादळ ओमानला गेलं, चिपाडं आमची भिजली

ऑक्टोबर लागला की तात्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बारसं झालं का रे?" ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला बरेच दिवस वाटत होतं की आमच्या घरात कुणाचं तरी बाळंतपण झालंय. मग एकदा सांगून टाकलं, बाबा, आमचे चुलते अरबी समुद्रातल्या वादळाबद्दल विचारतात, त्याला नाव मिळालं का ते. तर तो म्हणाला कोल्हापुरात बसून तुम्हाला कशाला पायजे समुद्राचं?

बरोबर आहे त्याचं. मधे अख्खा सह्याद्री उभा आहे. वादळ म्हणजे कोकणातल्या पाव्हण्यांचं काम, आपण फार तर फोन करून "बरं हाय नव्हं?" विचारायचं, अशीच आमची पण समजूत होती २०१९ पर्यंत.

२०१९ म्हटलं की कोल्हापूरकराला ऑगस्टचा महापूर आठवतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं गुऱ्हाळ नदीच्या अंगाला, चुलवाणात म्हणजे भट्टीत गाळ, रस आटवायच्या काहिलीत गाळ, आणि गेल्या हंगामातली वाळलेली चिपाडाची गंजी होती ती अख्खी पंचगंगेनं नेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ऊस पिळल्यावर उरतं ते चिपाड, ते अंगणात पसरून वाळवायचं आणि तेच चुलवाणात जाळायचं, म्हणजे गुऱ्हाळाला सरपण बाहेरून आणावं लागत नाही. पण हंगामाच्या सुरवातीला पहिली आदणं, म्हणजे काहिलीभर रसाचे पहिले घाणे, काढायला जुनं वाळलेलं चिपाड लागतं. ते गेलेलं. तात्या म्हणाले हरकत नाही, दसऱ्यानंतर ऊन पडतंय, थोडा ऊस गाळून चिपाडं वाळवू आणि दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला गुळाचे चार रवे, म्हणजे ढेपा, तरी मार्केट यार्डात नेऊ.

ऊन कुठलं पडतंय. त्या वर्षी मान्सून देशातनं परत फिरायला सुरवातच ९ ऑक्टोबरला झाली, इतका उशीर नोंदीत आधी कधी झाला नव्हता. आणि तो जातोय तोवर इकडं रत्नागिरीसमोर समुद्रात काहीतरी शिजायला लागलं. २५ तारखेला धनत्रयोदशी, त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं 'क्यार', म्यानमारनं दिलेलं नाव, अर्थ म्हणे वाघ. टीव्हीवर दिवसभर एकच गोल फिरणारा ढग. २७ ला लक्ष्मीपूजन आणि इकडं त्याचं सुपर सायक्लोन झालं, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी २२२ किलोमीटरच्या पुढं, अरबी समुद्रात २००७ च्या 'गोनू' नंतर पहिल्यांदाच. आणि मग निवेदिका हसत हसत म्हणाली, वादळ ओमानच्या दिशेनं सरकलंय, महाराष्ट्रावरचा धोका टळला.

आमच्याकडं त्या वेळी काय चाललं होतं सांगतो. अंगणात चिपाडं, वरनं ताडपत्री, ताडपत्रीच्या खोलग्यात साचलेलं पाणी काठीनं ढकलत मी आणि माझा चुलतभाऊ. गूळ शिजवणाऱ्या गुळव्या मामांनी एक पेंडी उचलून हातात पिळली तर पाणी ठिबकलं. तरी हट्टानं एक आदण लावलंच. चुलवाणातनं जाळ नाही, नुसता धूर, काहील तापेना, रस उकळायला दुप्पट वेळ, आणि शेवटी थंड व्हायला वाफ्यात ओतलेला गूळ धड बसेना. रवा काढला तर दुसऱ्या दिवशी त्याला पाझर फुटलेला. मामा काही बोलले नाहीत, तंबाखू मळत बसले. पाडव्याला आम्ही यार्डात गेलो ते दुसऱ्यांचे रवे बघायला.

हे सगळं झाल्यावर मी जरा वाचायला लागलो. आपल्याकडं वादळांचे दोन हंगाम, एक मान्सूनच्या आधी एप्रिल ते जून, दुसरा तो परतल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. समुद्र साधारण साडेसव्वीस डिग्रीच्या वर तापला की काहिलीसारखी वाफ उठते, वर जाऊन तिचे ढग होताना उष्णता सुटते आणि त्या उष्णतेवर वादळ पोसतं. मग जुलैत का होत नाही? कारण तेव्हा खालचं वारं एका दिशेला आणि वरचं भलत्याच दिशेला, वाफेचा खांब सरळ उभाच राहत नाही. हे मी तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे धुराडं वाकडं. मग जाळ कसा धरंल?" इतकं सोपं करून मला कुठल्या लेखात सापडलं नव्हतं.

एरवी बंगालच्या उपसागरात वादळं जास्त, आपल्या बाजूला कमी. २०१९ ला उलटं झालं. दोन्ही समुद्रांत मिळून आठ वादळांना नावं मिळाली, त्यातली पाच आपल्याकडची: वायू, हिका, क्यार, महा, पवन. हिंदी महासागराची पश्चिमेकडची बाजू त्या वर्षी जास्त तापलेली होती, त्याला डायपोल का काय म्हणतात ते. क्यार अजून विरलं नव्हतं तोवर 'महा' आलं, दोन्ही एकाच वेळी अरबी समुद्रात. पेपरात 'महा चक्रीवादळ' वाचून तात्यांना वाटलं हे त्याच्याहून मोठं, मी म्हटलं तात्या ते त्याचं नाव आहे, ओमाननं ठेवलंय. "नाव ठेवताना जरा इचार करायचा की," म्हणाले.

त्यानंतर २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, सगळी बघितली मोबाईलवर. कोकणात लोकांच्या माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, त्याच्यापुढं आमचं चिपाड म्हणजे काहीच नाही, हे मलाही कळतं. २०२३ ला बिपरजॉय दहा-बारा दिवस समुद्रातच रेंगाळलं, मान्सून केरळातच ८ जूनला आला आणि आमच्याकडं पावसाआधी कोरड्या रानात धूळवाफेला टाकलेलं भात तसंच धुळीत पडून.

पण तात्यांच्या बारशाच्या प्रश्नामागं वेगळंच गणित आहे, ते मला फार उशिरा कळलं. ताशी ६२ किलोमीटरच्या पुढं वारं गेलं तरच हवामान खातं नाव देतं. त्याच्या आत असलं की नुसता कमी दाब नाहीतर डिप्रेशन, टीव्हीवर त्याला कोण विचारत नाही. आणि तात्यांचा अनुभव असा की नाव मिळालेलं बहुतेक वेळा जातं लांब, गुजरातला नाहीतर ओमानला, आणि बिननावाचं असतं ते किनाऱ्याजवळ घुटमळत चार-चार दिवस झिमझिम लावतं. हे शास्त्रात बसतं का मला माहीत नाही, क्यारनं तर नाव असून भिजवलं होतं, पण तात्यांशी वाद कोण घालणार.

काल रात्री परत फोन. मी हवामान खात्याचं पान उघडूनच बसलो होतो.

"बारसं झालं का?"

"नाही तात्या, कमी दाबाचा पट्टा आहे नुसता."

पलीकडं जरा गप्प. मग फोन कानापासनं लांब धरून कुणाला तरी ओरडले, "ए, ती मोठी ताडपत्री काढ रं माळ्यावरनं."